आचारसंहिता अभिधेची, व्यवसाय व्यंजनेचा

१

जनसंपर्काचे शिक्षण देणाऱ्या अभ्यासक्रमांत ‘व्यावसायिक नीतिमूल्ये’ अशा शीर्षकाचा एक घटक असतो आणि तो बहुधा अखेरीस असतो. प्रसिद्धीपत्रक कसे लिहावे, पत्रकार परिषद कशी घ्यावी, संकटकाळी संस्थेची प्रतिमा कशी सांभाळावी हे सारे शिकवून झाल्यावर, सत्र संपत आले असता, हे सर्व प्रामाणिकपणे करावे असे विद्यार्थ्याला सांगण्यात येते. विद्यार्थी आचारसंहितेची कलमे पाठ करतो, परीक्षेत तिच्यावर टीप लिहितो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. या व्यवस्थेत नीती शिकविली जात नाही, असे कोणास म्हणता येणार नाही. ती शिकविली जाते, असे मात्र धाडसानेच म्हणावे लागेल.

पुणे शहराला हा प्रश्न परका नाही. विद्यापीठातील वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणाला येथे १९६४ मध्ये प्रारंभ झाला आणि रानडे इन्स्टिट्यूटची वास्तू हीच त्याची ओळख ठरली. सिंबायोसिसची जनसंज्ञापन संस्था १९९० मध्ये निघाली. उदारीकरणानंतर जनसंपर्क, जाहिरात आणि ‘कॉर्पोरेट संज्ञापन’ शिकविणाऱ्या खाजगी संस्थांची त्यांत भर पडली. दरवर्षी या शहरातून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काही जण उद्या महापालिकांची, रुग्णालयांची, साखर कारखान्यांची, बांधकाम कंपन्यांची आणि राजकीय पक्षांची निवेदने लिहिणार आहेत. मराठी माणसाला सार्वजनिक जीवनाविषयी जे कळते, त्यातील मोठा भाग त्यांच्या हातून जाणार आहे. त्यांना नीती कशी शिकवावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यवस्थापनशास्त्राचा राहत नाही.

या संदर्भात नेहमीची तक्रार अशी, की नीतिशिक्षणाला तास कमी पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या चौकटीत मूल्यशिक्षणाला स्वतंत्र श्रेयांक मिळाले, तेही याच समजुतीने. परंतु दोष तासांच्या संख्येचा नाही. नीतीला जेथे बसविले आहे ती जागाच चुकीची आहे. नीती म्हणजे तयार मजकुरावर मागाहून फिरवावयाची चाळणी, अशी या अभ्यासक्रमांची धारणा आहे. मजकूर जेथे घडतो त्या ठिकाणी, म्हणजे वाक्यात, नीती असते याची जाणीव तेथे आढळत नाही. आणि वाक्याचा विचार करणे हे ज्यांचे काम, ते मराठीचे विभाग या बाबतीत गप्प आहेत.

२

आचारसंहितांचा इतिहासच या धारणेविरुद्ध साक्ष देतो. आयव्ही ली या अमेरिकी प्रसिद्धितज्ज्ञाने १९०६ मध्ये आपल्या व्यवसायाची तत्त्वे जाहीर केली. काम उघडपणे करावयाचे, माहिती अचूक द्यावयाची, असा त्यांचा आशय होता. याच लीने १९१४ मध्ये कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या संपात, लडलोच्या हत्याकांडानंतर, रॉकफेलर कुटुंबाच्या वतीने पत्रके काढली आणि त्यांत कामगारपुढाऱ्यांच्या वेतनाचे आकडे फुगवून छापले गेले. संहितेचा पहिला कर्ता संहितेनेच वाचला नाही.

पुढे संहिता अधिक भारदस्त झाल्या. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा आधार घेणारी ‘अथेन्स संहिता’ १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने स्वीकारली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत ती आपलीशी केली. तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. या संहितांचा उपहास करण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढविणारी मोहीम चालविल्याबद्दल लंडनच्या बेल पॉटिंजर या नामवंत कंपनीला तिच्या व्यावसायिक संघटनेने काढून टाकले, ते संहितेच्याच आधारे. कंपनी काही दिवसांत कोसळली. परंतु संहितेने शिक्षा दिली ती अपराध उघडकीस आल्यावर. मोहिमेचा मजकूर लिहिताना ती लेखकांच्या टेबलावर असूनही त्यांच्या कामी आली नाही.

ती कामी का येत नाही, याचे उत्तर भारतीय साहित्यशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्यास देता यावे. संहितेची कलमे असत्य विधान करू नये, वस्तुस्थितीचा विपर्यास करू नये, खोटे आश्वासन देऊ नये, असे बजावतात. हे सर्व निर्बंध मुख्यतः वाच्यार्थावरचे आहेत. जनसंपर्काचा व्यवहार मात्र व्यंग्यार्थावर चालतो. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटविल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले. हा देखावा एडवर्ड बर्नेज याने एका तंबाखू कंपनीसाठी रचला होता. सिगारेट आरोग्यदायी आहे असे कोणी म्हटले नव्हते. एक रूपक तेवढे योजले होते. रूपक खरे की खोटे, हे ठरविणारे कलम कोणत्या संहितेत आहे?

दूर जाण्याचेही कारण नाही. ‘गाथासप्तशती’तील एक गाथा आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली आणि तेव्हापासून ती प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते. गोदावरीकाठच्या कुंजात फुले वेचावयास येणाऱ्या धार्मिकाला एक स्त्री सांगते, की त्याने आता निर्धास्त फिरावे, कारण त्याला भिवविणारा कुत्रा कुंजातल्या सिंहाने मारला आहे. वाच्यार्थ अभय देण्याचा आहे, व्यंग्यार्थ तिकडे न फिरकण्याचा. बोलणारीचा हेतू संकेतस्थळ निर्धोक ठेवण्याचा आहे आणि तो ऐकणाऱ्याला कळू नये अशीच वाक्याची रचना आहे. आश्वासनाच्या वेषात इशारा, हितचिंतेच्या वेषात स्वार्थ आणि पडताळून पाहता न येणारी एक वस्तुस्थिती: प्रसिद्धीपत्रकाची सारी अंगे येथे हजर आहेत. ज्या परंपरेला हे विश्लेषण हजार वर्षांपासून अवगत आहे, तिचे वारस प्रसिद्धीपत्रकापुढे आले की मात्र शुद्धलेखन तपासून स्वस्थ बसतात.

आजच्या मराठीतला एक नमुना पाहावा. कोणत्याही संस्थेच्या खुलाशात शोभेल असे हे वाक्य आहे: ‘अनवधानाने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ यातील एकही शब्द असत्य म्हणून दाखविता येणार नाही. पण ‘असल्यास’ने इजा झाली की नाही हेच संशयास्पद ठरविले. ‘कोणाच्या’ने ज्याला इजा झाली त्याचे नाव पुसले. ‘भावना’ने नुकसान मनोव्यापारापुरते आकुंचित केले. ‘अनवधानाने’ने हेतूचा निकाल चौकशीपूर्वीच दिला. आणि ‘करण्यात येत आहे’ने कर्त्याला वाक्यातून रजा दिली. अपराध केला कोणी याचा पत्ता नाही, क्षमा मागतो कोण याचाही नाही. शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकून घेतले जातात. पण प्रयोगाची निवड ही जबाबदारीची निवड असू शकते, हे तेथे कोणी सांगत नाही. अथेन्सची संहिता या वाक्याला निर्दोष ठरवील. व्याकरणाचा सजग शिक्षक ठरविणार नाही.

३

वाक्यानंतर वक्त्याकडे वळले पाहिजे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपदेशाच्या तीन रीती सांगितल्या आहेत. स्वामीप्रमाणे आज्ञा करणारी प्रभुसंमित, मित्राप्रमाणे समजावणारी सुहृत्संमित आणि प्रियेप्रमाणे मन वळविणारी कांतासंमित. काव्याची रीत तिसरी. जनसंपर्काचे वैशिष्ट्य असे, की त्याचा हेतू प्रभूचा असतो आणि आवाज मित्राचा किंवा प्रियेचा. आज्ञा करणारा आज्ञा करीत आहे असे कळले तर ऐकणारा तिचा स्वीकार वा अव्हेर करू शकतो. मित्राच्या आवाजात आलेल्या आज्ञेपुढे तो निःशस्त्र असतो. जनसंपर्काच्या नीतीचा खरा प्रश्न म्हणूनच ‘जे सांगितले ते खरे का?’ एवढा नसतो. ‘हे कोण बोलत आहे, आणि ऐकणाऱ्याला ते कळू दिले आहे का?’ हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्राने हा प्रश्न २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उघड्या डोळ्यांनी पाहिला. एका नेत्याच्या स्तुतीचा मजकूर, शब्दशः तोच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. तो निरनिराळ्या नावांखाली आला, पण ‘जाहिरात’ या शब्दाखाली आला नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर जो अहवाल दिला, त्याच्या पार्श्वभूमीला हे आणि असे प्रकार होते. त्यावर निवडणूक कायद्याच्या, खर्चाच्या हिशेबाच्या आणि वृत्तपत्रांच्या मालकीच्या अंगाने विपुल चर्चा झाली. साहित्यसमीक्षेच्या अंगाने झाली नाही. वस्तुतः हा संहितेच्या आणि लेखकत्वाच्या अभ्यासाचा विषय होता. दोन हस्तलिखितांतील समान ओळींवरून त्यांचे मूळ एक असल्याचे दाखविणारे पाठचिकित्सक याच शहरात, भांडारकर संस्थेत, महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. तीच दृष्टी सकाळच्या वर्तमानपत्राला लावण्याची गरज अभ्यासकांना वाटली नाही. लेखकाचा मृत्यू झाल्याचे रोलाँ बार्थने १९६७ मध्ये जाहीर केले आणि मराठी समीक्षेने ते वाक्य पुष्कळदा उद्धृत केले. लेखक मेला असला तरी त्याचे नाव भाड्याने देता येते, हे व्यवसायाला समीक्षेच्या आधी उमगले.

यावर जनसंपर्कवाल्यांचे एक ठरलेले उत्तर असते. वकील जसा अशिलाची बाजू मांडतो, तसा जनसंपर्क अधिकारी संस्थेची बाजू मांडतो. एकाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला दूषणे, हा न्याय नव्हे. या युक्तिवादात तथ्य आहे. प्रत्येक संस्थेला आपली बाजू मांडण्याचा अधिकार आहे आणि ती नीट मांडून देणारा माणूस समाजाला हवाच असतो. धरणातून पाणी केव्हा सोडणार, साथीच्या दिवसांत कोणत्या रुग्णालयात खाटा आहेत, हे वेळेवर व स्वच्छ मराठीत सांगणाऱ्या अधिकाऱ्याने प्राण वाचविले असे म्हणता येते. परंतु वकिलाच्या अंगावर काळा कोट असतो. तो कोणाचा वकील हे न्यायालयाच्या नोंदीत असते, समोर प्रतिपक्षाचा वकील असतो आणि वर न्यायाधीश बसलेला असतो. या चार गोष्टींमुळे त्याचा पक्षपात निरुपद्रवी होतो. बातमीच्या वेषातील प्रसिद्धीपत्रकाला यांतील एकही गोष्ट लागू नाही. कोट काढून ठेवलेल्या वकिलाला साक्षीदार म्हणून पुढे करावयाचे आणि पुन्हा वकिलीच्या नीतीचा आधार घ्यावयाचा, हे चालणार नाही.

४

आता मराठीच्या विभागांकडे वळणे प्राप्त आहे, कारण या लेखाचा मुख्य रोख त्यांच्यावर आहे. साहित्याच्या पदवीला विचारणारे कोणी नाही अशी हाकाटी झाली, तेव्हा विभागांनी ‘व्यावहारिक मराठी’ आणि ‘उपयोजित मराठी’ यांचा आश्रय घेतला. त्यात गैर काही नव्हते. भाषेच्या विद्यार्थ्याला चरितार्थ हवा. बारामतीहून वा बार्शीहून पुण्यात आलेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या मुलीला जनसंपर्काच्या कार्यालयात पहिली नोकरी मिळत असेल, तर तिला ती मिळवून देणारी अभ्यासपत्रिका हिणविण्याचा अधिकार सुस्थित प्राध्यापकांना नाही. आक्षेप आहे तो प्रसिद्धीपत्रक, जाहिरात, माहितीपत्रक हे प्रकार ज्या रीतीने शिकविले जातात तिच्यावर. मथळा असावा, मजकूर सुटसुटीत असावा, भाषा आकर्षक असावी. बस्स. शाळेपासून हेच चालते. दहावीच्या मराठीत मुले जाहिरात लिहितात, बारावीच्या ‘युवकभारती’त माहितीपत्रक शिकतात. जी वस्तू कधी पाहिली नाही, जी वापरली नाही, तिच्याविषयी वाचणाऱ्याचे मन वळविणारा मजकूर पंधरा वर्षांचे मूल लिहिते आणि त्याला गुण मिळतात. ज्याविषयी माहिती नाही त्याविषयी खात्रीने बोलावे, हा नीतीचा धडा त्याला त्याच दिवशी मिळालेला असतो. पुढे पदव्युत्तर वर्गात अथेन्सच्या संहितेने तो पुसला जाईल, ही आशा भाबडी आहे.

‘भाषेचे कौशल्य तटस्थ असते, गैरवापराची जबाबदारी शिक्षकाची नाही’, हे विभागांचे उत्तर नवे नाही. प्लेटोच्या संवादात गॉर्जियस हेच सांगतो. मुष्टियुद्ध शिकलेल्या शिष्याने बापाला मारले तर गुरूला हद्दपार करू नये, असे त्याचे म्हणणे. सॉक्रेटिस त्याला कोंडीत पकडतो तो साध्या प्रश्नांनी: शिष्याला न्याय-अन्याय ठाऊक नसेल तर तुम्ही तो शिकविता काय? गॉर्जियसला ‘हो’ म्हणावे लागते आणि त्याची तटस्थता तेथेच संपते. मराठीचा प्राध्यापक ‘नाही’ म्हणून मोकळा होऊ शकतो, कारण न्याय-अन्याय शेजारच्या विभागाच्या श्रेयांकात गेला आहे.

दुसरे उत्तर सौंदर्यवाद्यांचे. त्यांच्या मते साहित्याची मूल्ये स्वायत्त असून त्यांत नीतीची भेसळ नको. मर्ढेकरांपासून चालत आलेली ही भूमिका कवितेपुरती समर्थनीय आहे. कवितेचा वाचक कविता वाचीत आहे हे जाणून ती वाचतो, तिच्या मोहात पडण्याला त्याची संमती असते. जनसंपर्काचा मजकूर कवितेची साधने घेतो. ही संमती मात्र घेत नाही. तेव्हा स्वायत्ततेचे कवच त्याला देता येत नाही. उलट, साहित्याची स्वायत्तता ज्यांना प्रिय आहे त्यांनीच तिची साधने कोण पळवितो आहे याकडे अधिक डोळसपणे पाहावयास हवे.

आणि येथेच बार्शीहून आलेल्या त्या मुलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तिच्या हाती येते ते बहुधा इंग्रजीत सिद्ध झालेले निवेदन. तिने त्याचे मराठी करावयाचे असते. धोरण तिचे नाही, निर्णय तिचा नाही, निवेदनावर सही तिची नाही. नीतीच्या पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी जागा नाही, कारण ती पुस्तके निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना उद्देशून लिहिलेली असतात. पण शब्द तिचा असतो. धरणाखाली वा विमानतळाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाला तिने ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणावे, ‘प्रकल्पबाधित’ म्हणावे की सरळ ‘लाभार्थी’ म्हणावे? ‘ग्रस्त’ शब्दात ग्रासलेपण आहे, जसे ग्रहणात चंद्राचे. ‘बाधित’मध्ये ते सौम्य होते, ‘लाभार्थी’मध्ये पार उलटते. कामावरून काढलेल्या माणसांना ‘काढले’ म्हणावे की ‘मनुष्यबळाची पुनर्रचना झाली’ असे लिहावे? इंग्रजी मजकुराने पळवाट तयार करून दिलेली असते. मराठीत तीच पळवाट पुन्हा खोदावयाची की नाही, हे ठरविण्याची एक क्षणाची मुभा त्या मुलीला मिळते. त्या क्षणी तिच्या मदतीला येईल असे काही तिच्या मराठीच्या शिक्षकाने तिला दिले आहे काय?

५

पुण्याजवळ या शिक्षणासाठी एक अस्सल पाठ आहे आणि तो जनसंपर्क हा शब्द रूढ होण्यापूर्वीचा आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात पुण्यात सोल्जरांनी केलेल्या झडत्यांविषयी गोपाळ कृष्ण गोखले यांना इंग्लंडमध्ये पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे गेली. त्यांच्या आधारे, दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप गोखल्यांनी तेथे जाहीरपणे केला आणि तो ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आला. परतल्यावर पुरावा मिळेना. पत्रलेखकांची नावे सांगितली असती तर दोषाचा भार हलका झाला असता. त्यांनी नावे सांगितली नाहीत आणि ऑगस्ट १८९७ मध्ये आरोप बिनशर्त मागे घेऊन जाहीर क्षमा मागितली. त्यासाठी पुण्यात आणि पुण्याबाहेर त्यांना भेकड ठरविण्यात आले.

ही क्षमायाचना आदर्श म्हणून भिंतीवर टांगावयाची नाही. तिने सत्ताधाऱ्यांचे फावले, झडत्यांतील खऱ्या जुलमाच्या तक्रारीही तिच्यामुळे दुबळ्या झाल्या, असे म्हणण्यास जागा आहे. सिद्ध न करता येणारे विधान मागे घेताना त्यामागील सिद्ध करता येण्याजोगी वेदना कशी सांभाळावी, हा कठीण प्रश्न तिने मागे ठेवला. म्हणूनच ती वर्गात न्यावयाची. ऐकीव माहितीवर किती बोलावे, माहिती देणाऱ्याचे ऋण कसे फेडावे, क्षमेच्या वाक्यात कर्ता कोठे असावा, आणि एकाच्या प्रामाणिकपणाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते, हे चारही प्रश्न एका प्रसंगात आहेत. संहितेच्या कलमांतून हे शिकविता येत नाही. गोखल्यांनी ज्या महाविद्यालयात अध्यापन केले त्याचा रस्ता, रानडे इन्स्टिट्यूट ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता, कागदोपत्री आज गोखल्यांच्याच नावाचा आहे. व्यवहारात त्याला फर्ग्युसन रस्ता म्हणतात, ही गोष्टही बोलकी आहे.

तेव्हा करावयाचे ते अवघड नाही. नीतीचा स्वतंत्र घटक अभ्यासक्रमाच्या शेपटीला बांधणे थांबवावे आणि लेखनाच्या प्रत्येक पाठात वाक्याची चौकशी सुरू करावी. विद्यार्थ्याने प्रसिद्धीपत्रक लिहिले की त्यानेच त्यातील लपलेले कर्ते शोधून लिहावेत. तोच प्रसंग, ज्याचे त्यात नाव आलेले नाही, त्याच्या बाजूने पुन्हा लिहावा. एकाच इंग्रजी निवेदनाची तीन मराठी भाषांतरे समोर ठेवून शब्दाशब्दाने माणूस कोठे नाहीसा होतो हे दाखवावे. ध्वनीचा, वक्त्याचा आणि प्रयोगाचा विचार मराठीच्या अध्यापकाला शिकावयाचा नाही. तो त्याला येतो. तो फक्त सन्मान्य वाङ्मयापुरता राखून ठेवण्याची सवय त्याने सोडावयाची आहे.

आणि परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न अनिवार्य असावा. वरिष्ठांनी लिहावयास सांगितलेले निवेदन आपण का लिहू शकत नाही, हे त्यांना नम्रपणे, स्पष्ट मराठीत, कर्तरी प्रयोगात कळविणारे पत्र लिहा. या प्रश्नाचे आदर्श उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नाही. मराठीच्या विभागाने या व्यवसायाला काही द्यावयाचे असेल, तर ते पत्र लिहिता येणारा विद्यार्थी द्यावा.